मेश राउटर आणि सॅटेलाइट यांच्यामधला सिग्नल कसा मोजावा?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर, तीन बेडरूमच्या घरात राहता. फायबरची केबल मुख्य दाराजवळ येते आणि तिथेच दोन युनिटांच्या ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन रेडिओ पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालणाऱ्या), वाय-फाय ६ मेश संचातला, म्हणजे एकच वाय-फाय अनेक युनिटांतून घरभर पोहोचवणाऱ्या संचातला, मुख्य राउटर ठेवलेला आहे. दुसरे युनिट, म्हणजे सॅटेलाइट, घराच्या दुसऱ्या टोकाच्या बेडरूममध्ये आपल्या कामाच्या टेबलावर आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा असून हॉलमध्ये तेवढा वेग मिळतो; परंतु त्या बेडरूममध्ये फोन पूर्ण रेंज दाखवत असूनही वेग ७० ते ८० च्या पुढे जात नाही आणि संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो. ॲपमध्ये सॅटेलाइटच्या नावापुढे मात्र ‘चांगले’ असे लिहून येते. या दोन युनिटांमधला सिग्नल प्रत्यक्षात किती आहे हे कसे तपासावे आणि तिसरे युनिट घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

मी ठाणे आणि नवी मुंबईत गेली सोळा वर्षे घरांचे आणि लहान कार्यालयांचे नेटवर्क बसवण्याचे काम करतो. मेश संच घरोघरी आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक तक्रारी नेमक्या याच स्वरूपाच्या असतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम मूळ अडचण नीट मांडू. आपल्या बेडरूममधल्या फोनपर्यंत इंटरनेट दोन स्वतंत्र टप्प्यांत पोहोचते. मुख्य राउटरपासून सॅटेलाइटपर्यंतचा पहिला टप्पा आमच्या कामात ‘बॅकहॉल’ म्हणून ओळखला जातो, आणि सॅटेलाइटपासून फोनपर्यंतचा टप्पा हा दुसरा. फोनवर दिसणारी रेंज ही केवळ दुसऱ्या टप्प्याची असते. सॅटेलाइट आपल्यापासून हातभर अंतरावर असल्यामुळे ती पूर्ण दिसणारच. पहिल्या टप्प्याबद्दल ती काहीही सांगत नाही. त्यामुळे जोपर्यंत पहिला टप्पा वेगळा काढून मोजला जात नाही, तोपर्यंत दोष जागेचा आहे, युनिटाचा आहे की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा, याविषयी फक्त तर्क करता येतात.

आपल्या घरातला नेमका आकडा किती निघेल, हे मी इथून सांगू शकत नाही. तो भिंती कशाच्या आहेत, शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या चॅनेलवर (बँडच्या कोणत्या तुकड्यावर) आहेत आणि आपल्या संचातले अँटेना कसे आहेत यावर ठरतो. परंतु तो आकडा कसा काढायचा आणि आल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा, हे निश्चित सांगता येते.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि ती उणे संख्येत येते. शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरदार, म्हणजे उणे ५० हा उणे ७० पेक्षा चांगला. ही मोजपट्टी सरळ बेरीज-वजाबाकीची नाही, आणि नेमके इथेच अनेकांचा अंदाज चुकतो: ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी होते आणि १० डीबी कमी झाले की एक दशांश उरते. म्हणजे उणे ६० आणि उणे ७० यांत कागदावर दहाचाच फरक दिसत असला, तरी दुसऱ्या ठिकाणी पोहोचणारी शक्ती पहिल्याच्या केवळ दहावा हिस्सा असते. बॅकहॉलसाठी ५ गिगाहर्ट्झवर मी उणे ५० ते उणे ६५ हा पट्टा समाधानकारक मानतो. उणे ७० च्या आसपास जोडणी टिकते, पण गर्दीच्या वेळी डगमगते. आणि उणे ७५ च्या खाली गेलेल्या जोडणीवर भरवसा ठेवता येत नाही. फोनसाठी उणे ६७ पर्यंतचा सिग्नल व्हिडिओ कॉलला पुरेसा समजला जातो, परंतु बॅकहॉलवर त्या खोलीतल्या सगळ्या उपकरणांचा भार एकत्र येतो, म्हणून तिथे थोडी अधिक कडक कसोटी लावणे योग्य.

आता ॲपमधल्या ‘चांगले’ या शब्दाकडे येऊ. उत्पादक हा आकडा बहुधा शब्दांत किंवा रंगांत बदलून दाखवतात. नेटगिअरच्या ऑर्बी संचांत सॅटेलाइटवरची कडी काही क्षण निळी झाली तर जोडणी चांगली, अंबर झाली तर बरी आणि मॅजेंटा झाली तर जोडणी झालीच नाही, असा संकेत असतो. गुगलच्या संचांत ॲपमधून युनिटांमधल्या जोडणीची चाचणी घेता येते आणि तिचा निकालही शब्दांतच मिळतो. हे संकेत पहिल्या नजरेसाठी ठीक आहेत, पण ‘चांगले’ म्हणजे उणे ५२ की उणे ६८, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रथम ॲपमध्ये सॅटेलाइटच्या नावावर दाबून आत तपशिलाचे पान आहे का ते पाहा. नसेल तर संगणकाच्या ब्राउझरमधून राउटरचे व्यवस्थापनाचे पान उघडा, कारण काही संचांत तिथे डीबीएमचा आकडा आणि जोडणीचा वेग, म्हणजे लिंक रेट, दोन्ही दिसतात.

त्या पानावर सिग्नलच्याही आधी एक गोष्ट पाहावी: सॅटेलाइट कोणत्या बँडवरून जोडलेले आहे. आपल्या बाबतीत मला हाच संशय अधिक आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा कमी हानी होऊन पार जातात, त्यामुळे त्या बँडवर दूरच्या सॅटेलाइटलाही उणे ५८ असा उत्तम दिसणारा आकडा मिळतो आणि ॲप प्रामाणिकपणे ‘चांगले’ म्हणते. परंतु २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वाय-फाय ४ च्या जुन्या पद्धतीने दोन अँटेनांची जोडणी जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसची होते आणि त्यातून प्रत्यक्षात ८० च्या आसपासच हाती लागतात. वाय-फाय ६ मध्ये हाच आकडा २८६ असतो, पण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच, आणि टॉवरमध्ये ते सगळे शेजाऱ्यांनी भरलेले असतात, त्यामुळे तोही वेग निम्म्याहून कमी होतो. वीज जाऊन आल्यावर किंवा राउटरने चॅनेल बदलल्यावर सॅटेलाइट मिळेल त्या बँडला चिकटते आणि काही संचांत ते तिथून आपणहून परत येत नाही. तसे झाले असेल तर मुख्य राउटर पूर्ण सुरू झाल्यानंतर पाच मिनिटांनी सॅटेलाइट बंद करून पुन्हा चालू करावे आणि बँड पुन्हा पाहावा. एवढ्याने ते ५ गिगाहर्ट्झवर आले आणि तिथे टिकले, तर आपले अर्धे काम झाले.

ॲप आणि ब्राउझर दोन्हींत आकडा मिळत नसेल, तर तो स्वतः काढता येतो. सॅटेलाइटची वीज बंद करा आणि ते जिथे असते नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर फोन ठेवून मुख्य राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वाचा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची अनेक मोफत ॲप आहेत, जी प्रत्येक नेटवर्कसमोर डीबीएम दाखवतात. आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटी ॲपमध्ये वाय-फाय स्कॅनर आहे, तो आधी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मॅक संगणकावर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले, की सिग्नल, नॉइज (आसपासचा रेडिओ गोंगाट) आणि जोडणीचा वेग तिन्ही एकत्र दिसतात. माझ्या मते घरगुती साधनांत हे सर्वांत सोयीचे आहे. विंडोजच्या कमांड विंडोमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली, की सिग्नल टक्क्यांत येतो. त्या टक्क्यांची निमपट करून त्यातून १०० वजा केले, की ढोबळमानाने डीबीएम मिळतात. म्हणजे ७० टक्के दिसले तर उणे ६५.

सॅटेलाइट बंद करण्याचा आग्रह मी धरतो, त्यामागे अनुभव आहे. मेश संचात सगळ्या युनिटांचे नाव एकच असते, त्यामुळे फोन कोणाशी जोडला आहे हे नावावरून कळत नाही. सुरुवातीच्या काळात पाचपाखाडीतल्या एका घरात मी तासभर घेतलेली सगळी मापे मुख्य राउटरची नसून सॅटेलाइटची होती, आणि त्या मापांवर विसंबून मी त्या कुटुंबाला जागा योग्य असल्याचे सांगून आलो होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन ते काम नव्याने करावे लागले. तेव्हापासून मी मुख्य राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या बीएसएसआयडीची, म्हणजे रेडिओच्या पत्त्याची, शेवटची चार अक्षरे आधी टिपून घेतो आणि प्रत्येक वाचनाच्या वेळी ती जुळवून पाहतो. आपणही तसेच करावे. फोनचा अँटेना सॅटेलाइटपेक्षा लहान असतो, म्हणून फोनवरचे वाचन सॅटेलाइटला मिळणाऱ्या सिग्नलपेक्षा काही डीबीने कमी येईल, हेही ध्यानात ठेवावे. जागांची आपसांत तुलना करण्यासाठी मात्र ते पूर्ण विश्वासाचे आहे.

एका वाचनावर निर्णय घेऊ नये. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी आणि थेट आलेली लहर एकमेकींत मिसळल्यामुळे टेबलावर वीतभर सरकले तरी काही डीबींचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक जागी अर्ध्या मीटरच्या परिघात पाच-सहा ठिकाणी वाचन घ्यावे, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि रोज जशी असतात तशीच दारे उघडी किंवा बंद ठेवावीत. एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठ ते अकराच्या दरम्यान मोजावे. सिग्नलचा आकडा दोन्ही वेळा जवळपास सारखाच येईल. वेग मात्र रात्री घसरेल, आणि तो किती घसरतो त्यावरून शेजारच्या नेटवर्कांची गर्दी कळेल.

याच्या पुढची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सिग्नल हे साधन आहे आणि आपल्याला हवा आहे तो वेग. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून तो नेटवर्क केबलने सॅटेलाइटच्या पोर्टला जोडा. आता लॅपटॉप आणि सॅटेलाइट यांच्यामध्ये हवा उरली नाही. जो वेग येईल तो केवळ बॅकहॉलचा. नेहमीच्या स्पीड टेस्टनेही काम भागेल, पण घरात दुसरा संगणक असेल तर तो केबलने मुख्य राउटरला जोडून दोन्हींवर आयपर्फ थ्री हा मोफत प्रोग्राम चालवावा. त्याने इंटरनेट कंपनीचा भागही बाजूला निघतो आणि दोन युनिटांमधली खरी क्षमता मिळते. सोबत लॅपटॉपवरून मुख्य राउटरच्या पत्त्यावर शंभर पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येते हे मोजणारे छोटे संदेश, पाठवावेत. चांगल्या बॅकहॉलवर उत्तर काही मिलिसेकंदांत परत येते आणि सगळी उत्तरे साधारण सारख्या वेळात येतात. मधूनच शंभर-दोनशे मिलिसेकंदांची उडी दिसली किंवा काही पिंग हरवले, तर व्हिडिओ कॉलमधल्या तुटणाऱ्या आवाजाचे कारण तिथेच आहे; सरासरी वेग चांगला असूनही कॉल बिघडतो तो अशाच उड्यांमुळे.

या चाचणीत वेग जर ९३-९४ एमबीपीएसवर अगदी ठाम थांबला, तर सिग्नलचा शोध तिथेच थांबवावा. तो आकडा १०० एमबीपीएसच्या पोर्टचा किंवा सदोष केबलचा असतो. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी जोडी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तर दोन्ही उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात.

आता आपल्या ७०-८० या आकड्याचा हिशेब मांडून पाहू, कारण त्यातून बरेच उलगडते. बॅकहॉल ५ गिगाहर्ट्झवर आहे असे क्षणभर धरू. ड्युअल-बँड संचात सॅटेलाइटचा एकच ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ राउटरशीही बोलतो आणि आपल्या फोनशीही, आणि ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी नव्हे तर आळीपाळीने करावी लागतात. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दोन अँटेनांच्या वाय-फाय ६ जोडणीचा कमाल लिंक रेट १,२०१ एमबीपीएस असतो. सिग्नल उतरत गेला की तो ८६५, ५७६, ४३२, २८८ असा पायऱ्या उतरत १४४ आणि त्याखालीही जातो. लिंक रेटच्या साधारण ६० टक्के प्रत्यक्षात मिळतात असे मी धरतो. आपला फोन टेबलाजवळच असल्यामुळे दुसऱ्या टप्प्याला प्रत्यक्ष ७२० मिळतील. पहिल्या टप्प्याचा लिंक रेट ४३२ असेल तर त्याचे प्रत्यक्ष २६० होतात. हजार मेगाबिट पहिल्या टप्प्यातून यायला ३.८५ सेकंद आणि दुसऱ्यातून जायला १.३९ सेकंद, म्हणजे एकूण ५.२४ सेकंद लागले. वेग सुमारे १९० एमबीपीएस. लिंक रेट १४४ असेल तर प्रत्यक्ष ८६ मिळतात, पहिल्या टप्प्यालाच ११.६ सेकंद लागतात आणि शेवटी हाती ७७ उरतात.

म्हणजे आपला आकडा दोन कारणांशी जुळतो: एकतर बॅकहॉल २.४ गिगाहर्ट्झवर आहे, किंवा तो ५ वर आहे पण फार दुबळा आहे. कोणते कारण खरे, हे बँड पाहिल्यावर पाच मिनिटांत ठरेल. दोन्हींचे मूळ मात्र बहुधा एकच आहे, ते म्हणजे सॅटेलाइटची जागा. जिथे सिग्नल पोहोचत नाही तिथेच सॅटेलाइट ठेवावे असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः सॅटेलाइट हे स्वतः सिग्नल निर्माण करत नाही. मुख्य राउटरकडून जेवढे मिळते तेवढेच ते पुढे देते. म्हणून ते जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे अशा शेवटच्या जागी असावे आणि तिथून पुढे अंधाऱ्या खोलीपर्यंत त्याने पोहोचावे.

ही शेवटची चांगली जागा आपल्या भागातल्या नव्या इमारतींत फार जवळ संपते, आणि त्याला बांधकामाची पद्धत कारणीभूत आहे. घोडबंदर रस्ता, कोलशेत, बाळकूम या पट्ट्यातले अनेक टॉवर मायवान, म्हणजे ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या पद्धतीने उभे राहिले आहेत. त्यांत खोल्यांमधल्या आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. आपल्या घरात भिंतीत खिळा ठोकताना तो वाकत असेल आणि प्रत्येक वेळी ड्रिल लागत असेल, तर आपली इमारत त्यातलीच आहे. माझ्या मोजमापांत विटेच्या साध्या आतल्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ ते ८ डीबी उतरतो, तर अशा काँक्रीटच्या भिंतीतून १५ ते २० डीबी. दोन काँक्रीटच्या भिंती आडव्या आल्या की उणे ४५ ने निघालेला आकडा थेट उणे ८० ला जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्याने केवळ ६ डीबी जातात, हे लक्षात घेतले तर स्पष्ट होईल की आपल्या घरात अंतर मोजण्यापेक्षा भिंती मोजणे अधिक उपयोगाचे आहे.

कोलशेतमधल्या एका घरात याचे फार स्वच्छ उदाहरण मिळाले. सॅटेलाइट बेडरूमच्या आत, दारालगतच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटावर होते आणि वाचन उणे ७९ येत होते. तेच युनिट दाराच्या बाहेर, पॅसेजमधल्या फळीवर ठेवले. अंतरात सव्वा मीटरचाही फरक पडला नसेल, पण मधली एक भिंत कमी झाली आणि हॉलमधून पॅसेजपर्यंत जवळपास सरळ दृष्टिरेषा मिळाली. वाचन उणे ६३ झाले. बेडरूममधल्या फोनची रेंज पूर्वीपेक्षा कमी दिसू लागली, त्यामुळे घरातल्या काकूंना आधी ते काम बिघडल्यासारखे वाटले. वेग मात्र तिपटीने वाढला होता, आणि तो आकडा दाखवल्यावर त्यांची खात्री पटली.

आपण घराचा नकाशा घेऊन, बिल्डरच्या माहितीपत्रकातलाही चालेल, राउटरपासून सॅटेलाइटपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढावी. ती रेघ किती भिंतींतून जाते, वाटेत बाथरूम, पाण्याचे पाइप असलेली डक्ट, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा किंवा मत्स्यटाकी येते का, हे पाहावे. पाणी आणि धातू हे दोन्ही या लहरींचे शत्रू आहेत, आणि आरशामागचा मुलामाही धातूचाच असतो. मग रेघेची दोन्ही टोके थोडी हलवून ती दारांच्या मोकळ्या जागेतून जाईल असे पाहावे. मुख्य राउटर हलवायलाही संकोच करू नये. अनेक घरांत तो दारामागच्या बुटांच्या कपाटात किंवा विजेच्या बोर्डाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत कोंडलेला असतो, कारण फायबर तिथे येते. फायबरचे उपकरण तिथेच राहू द्यावे आणि तिथून चार-पाच मीटरची कॅट ६ (नेटवर्कची) केबल काढून राउटर हॉलच्या मध्याकडे, कमरेच्या ते खांद्याच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर आणावा. फायबरच्या उपकरणाचे स्वतःचे वाय-फाय चालू असेल तर ते बंद करावे, अन्यथा ते आपल्याच मेशशी चॅनेलसाठी भांडत राहते.

प्रत्येक नव्या जागी युनिट ठेवल्यावर ते जोडले जाऊन स्थिर व्हायला दहा मिनिटे द्यावीत, मगच वाचन आणि केबलची चाचणी घ्यावी. जागा, डीबीएम, बँड, वेग आणि पिंग असे पाच आकडे कागदावर लिहावेत. तिसऱ्या जागेपर्यंत पहिलीचे आकडे डोक्यात राहत नाहीत. उलट टोकालाही जाऊ नये. वाचन उणे ४० किंवा त्याहून जोरदार येत असेल तर दोन युनिटे विनाकारण जवळ आहेत आणि पलीकडची खोली उपाशीच राहील.

सिग्नल चांगला येऊनही वेग कमी राहिला तर प्रश्न नॉइजचा किंवा चॅनेलचा असतो. राउटरला केवळ सिग्नलची ताकद पुरत नाही, तो नॉइजच्या किती वर आहे हे महत्त्वाचे. सिग्नल उणे ६० आणि नॉइज उणे ९० असेल तर मधले अंतर ३० डीबी, आणि ते बऱ्यापैकी आहे; वाय-फाय ६ च्या सर्वोच्च पायरीला सुमारे ३५ लागतात. भारतात ५ गिगाहर्ट्झमधला बराच मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे चॅनेलची निवड भरपूर आहे. त्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. रडारची चाहूल लागली की राउटर काही सेकंदांत तो चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिथे परतत नाही. उंच मजल्यावर, खिडक्यांना मोकळे आकाश असलेल्या घरात असे प्रसंग मी खालच्या मजल्यांपेक्षा अधिक पाहिले आहेत. आपला बॅकहॉल दिवसातून एकदोनदा अचानक तुटत असेल, तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी निश्चित करून आठवडाभर पाहावे. काही संचांत मालकाला चॅनेल निवडण्याची सोयच नसते; तिथे राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याने तो नव्याने चॅनेल निवडतो, एवढाच मार्ग उरतो.

नवी मुंबईतून हे वाचणाऱ्या आणि रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडतो. ऐरोली किंवा नेरुळच्या सिडकोच्या जुन्या घरांत भिंती विटांच्या असल्याने आडवा सिग्नल बरा जातो. तिथे अडथळा असतो तो मजल्यांमधल्या स्लॅबचा. अशा घरात सॅटेलाइट राउटरच्या बरोबर वर ठेवण्यापेक्षा जिन्याच्या वळणावर ठेवलेले चांगले काम करते, कारण जिन्याची पोकळी हाच तिथला मोकळा रस्ता असतो.

थोडक्यात क्रम असा ठेवावा: आधी बँड पाहणे, मग सॅटेलाइट बंद करून त्याच्या जागी मुख्य राउटरचे डीबीएम वाचणे, मग सॅटेलाइटला केबलने लॅपटॉप जोडून वेग आणि पिंग तपासणे, आणि हेच दोन-तीन जागी करून सर्वोत्तम जागा निवडणे. एका शनिवारच्या दुपारी हे सगळे होते, रात्रीचे वाचन तेवढे जेवणानंतर घ्यावे.

तिसऱ्या युनिटाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हे आकडे हाती येईपर्यंत ते घेऊ नये. आपले सॅटेलाइट पॅसेजमध्ये आणल्यावर बॅकहॉल उणे ६३ आणि बेडरूममधला फोन उणे ६५ च्या आसपास असेल, तर आहे त्याच संचातून दीडशे ते दोनशेचा वेग मिळेल आणि कॉलही नीट चालतील. तिसरे युनिट दुसऱ्याच्या पुढे साखळीत जोडले, तर आणखी एक टप्पा वाढतो आणि त्याच रेडिओचा वेळ पुन्हा वाटला जातो. ते तेव्हाच उपयोगी, जेव्हा ते थेट मुख्य राउटरकडून चांगला सिग्नल घेऊ शकेल अशी जागा घरात असते. बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ असलेला ट्राय-बँड संच हा त्यापेक्षा बरा पर्याय आहे, पण काँक्रीटची भिंत त्याच्याही वाटेत तेवढीच जाड असते.

पॅसेजमध्येही वाचन उणे ७० च्या वर आले नाही, तर मी वाय-फायवर आणखी पैसे खर्च न करता दोन युनिटांमध्ये केबल टाकण्याचा सल्ला देईन. बहुतेक नव्या घरांत हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या वायरसाठी भिंतीत पाइप टाकलेला असतो. टीव्हीच्या पॉइंटची प्लेट उघडून आत पाहावे; जुनी वायर वापरात नसेल तर तिच्याच टोकाला कॅट ६ बांधून ती ओढता येते, आणि हे काम कोणताही अनुभवी वायरमन दोन-तीन तासांत करतो. केबल तांब्याचीच घ्यावी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल नको, आणि ओढून झाल्यावर आठही तारा टेस्टरने तपासून घ्याव्यात. त्यानंतर सॅटेलाइट पुन्हा आपल्या कामाच्या टेबलावर ठेवायला काहीच हरकत नाही.